पोलीस, तुरुंग आणि मनोरुग्ण: गैरसमज व वस्तुस्थिती

मानसिक आजार असलेल्या माणसाशी पोलीस, न्यायालय आणि तुरुंग यांनी कसं वागावं, हे 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे. पोलीस आणि डॉक्टर या दोघांनी आपापला वाटा उचलावा, हा त्याचा गाभा आहे. लोकांच्या मनात मात्र जुन्याच समजुती ठाण मांडून आहेत.

गैरसमज: रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णाला पोलिसांनी कोठडीत ठेवावं.
वस्तुस्थिती: त्याला कोठडीत वा तुरुंगात ठेवायला सक्त मनाई आहे. कलम 100 नुसार पोलिसांनी त्याला संरक्षणाखाली घ्यायचं, त्याचं कारण सांगायचं आणि 24 तासांच्या आत जवळच्या सरकारी रुग्णालयात तपासणीसाठी न्यायचं. गुन्हा न केलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात डांबणं घटनाबाह्य असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्येच बजावलं होतं. शीला बारसे यांच्या याचिकेवरचा तो निकाल.

गैरसमज: रुग्णालयात पोहोचवलं की पोलिसांचं काम संपलं.
वस्तुस्थिती: रुग्ण बेघर असेल तर बेपत्ता व्यक्ती म्हणून नोंद करून घरच्यांचा शोध घेणं, त्यांना कळवणं हे ठाणे अंमलदाराचं कर्तव्य आहे. घरातच छळ किंवा हेळसांड होत असलेल्या रुग्णाची माहिती मिळाली, तर पोलिसांनी ती दंडाधिकाऱ्यांना कळवायची असते.

गैरसमज: आत्महत्येचा प्रयत्न केला की खटला भरतात.
वस्तुस्थिती: अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच कायदा गृहीत धरतो, आणि तिची काळजी व उपचार ही सरकारची जबाबदारी ठरवतो. जुन्या दंड संहितेतलं आत्महत्येच्या प्रयत्नाबद्दलचं कलम 309 हे 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत राहिलेलं नाही. सरकारी अधिकाऱ्यावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा आहे.

गैरसमज: डॉक्टरांचं प्रमाणपत्र दाखवलं की आरोपी सुटतो.
वस्तुस्थिती: नुसता आजार पुरत नाही. आपण काय करतो आहोत किंवा ते चूक आहे, हे त्या क्षणी कळत नव्हतं, हे आरोपीला दाखवून द्यावं लागतं. त्या कारणाने निर्दोष ठरला तरी तो लगेच मोकळा होत नाही. न्यायालय त्याला सुरक्षित ठिकाणी ठेवायला सांगतं किंवा हमी घेऊन नातेवाइकांच्या ताब्यात देतं.

गैरसमज: कैद्याला मानसिक उपचारांचा हक्क नाही.
वस्तुस्थिती: 2017 च्या कायद्यातल्या कलम 103 नुसार आजारी कैद्याला तुरुंगातल्या मनोविकार कक्षात, तो नसेल तर मानसिक आरोग्य केंद्रात हलवता येतं. रुग्णालय आणि तुरुंग यांच्यात ताळमेळ नसेल तर काय होतं, ते आसाममध्ये दिसलं. 1951 मध्ये अटक झालेला एक कच्चा कैदी बरा झाल्याचं डॉक्टरांनी 1967 मध्ये कळवलं, तरी त्याला घरी न सोडता तुरुंगात पाठवलं गेलं. 54 वर्षं खटल्याविना काढून तो 2005 मध्ये सुटला.

मानसिक आजार असलेली बहुसंख्य माणसं कुणावरही हात उगारत नाहीत; उलट तीच अत्याचाराला जास्त बळी पडतात. म्हणून असं कुणी दिसलं तर 112 वर फोन करा आणि ‘चोर असावा’ असं न म्हणता ‘आजारी असावा, रुग्णालयात न्या’ असं सांगा. मानसिक आरोग्याबाबत मोफत सल्ल्यासाठी टेलिमानसचा 14416 हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो.