होडी ट्रेलरवर नीट बसली आहे का?

अमेरिकेतल्या मिशिगन किंवा मिनेसोटासारख्या तळ्यांच्या राज्यात जुनी मोटरबोट घेतली की सहसा ट्रेलरही सोबत मिळतो. तो त्याच होडीच्या मापाने लावलेला असणार, हा पहिला गैरसमज. होडीची नाळ, म्हणजे पुढचे टोक, टेकते तो विंचचा (होडी ओढून घ्यायच्या रहाटाचा) खांब, होडीखालच्या लांब फळ्या आणि बऱ्याच ट्रेलरवर चाकांचा आसही बोल्ट सैल करून सरकवता येतो, कारण एकच ट्रेलर अनेक होड्यांसाठी विकला जातो. आधीच्या मालकाने जड इंजिन बसवले असेल, तर जुनी मांडणी बाद झाली.

गैरसमज : हिचवर, म्हणजे गाडीमागच्या ट्रेलर-जोडणीवर, भार जितका कमी, तितके गाडीला बरे.

वस्तुस्थिती : भार फार कमी झाला की ट्रेलर शेपटीसारखा डोलतो. वेगात हेलकावे वाढत जातात आणि गाडी ताब्यात राहत नाही. होडीच्या ट्रेलरला एकूण वजनाच्या ५ ते १० टक्के भार सहसा सांगितला जातो. होडीसह १५०० किलो वजन असेल, तर ७५ ते १५० किलो. मी तरी १० टक्क्यांच्या जवळ राहा असेच सांगेन, पण गाडीच्या हिचची मर्यादा ओलांडू नका. भार जास्त झाला तर गाडी मागे बसते आणि पुढच्या चाकांची पकड कमी होते.

दांडा हाताने उचलून हा अंदाज येत नाही. एक भक्कम आडवी तुळई घ्या, तिचे एक टोक ठोकळ्यावर आणि दुसरे बाथरूमच्या वजनकाट्यावर टेकवा. ट्रेलरचा दांडा ठोकळ्यापासून ३० आणि काट्यापासून ६० सेंटिमीटरवर ठेवा. काट्याच्या आकड्याची तिप्पट म्हणजे तुमचा भार. चाकांना अडण लावा, ट्रेलर सपाट ठेवा आणि टाकी प्रवासात असेल तेवढीच भरा. १०० लिटर पेट्रोलचेच सत्तर-पंचाहत्तर किलो होतात.

गैरसमज : भार जुळवायला होडीच पुढे-मागे सरकवा.

वस्तुस्थिती : होडी सरकवली की भार बदलतो, यात शंका नाही. १२०० किलोची होडी १० सेंटिमीटर पुढे घेतली आणि हिचपासून आस ५ मीटरवर असेल, तर सुमारे २४ किलो वाढतात. पण भार कमी करायला होडी मागे घेतली, तर फळ्यांचा आधार पिछाडीपर्यंत पोचतो का? इंजिनाचे वजन तिथेच लटकलेले असते. फळ्या पिछाडीच्या आत संपल्या, तर फायबरचा तळ महिनोन्महिने खाली वाकत राहतो. त्याला बाक आला की पाण्यात नाळ दबते, वेग घटतो आणि दुरुस्ती किचकट होते. म्हणून क्रम पक्का ठेवा : आधी पिछाडी फळ्यांच्या टोकापर्यंत टेकवा, मग आस सरकवा. आस मागे गेला की हिचवरचा भार वाढतो, पुढे आला की कमी होतो. हिचपासून आसाच्या दोन्ही टोकांचे अंतर सारखेच हवे, नाहीतर ट्रेलर तिरका चालतो.

तळाखाली जड कील (उभा कणा) असलेल्या शिडाच्या होडीचे गणित वेगळे. तिचा भार कीलवर पडतो. कोकणात पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढलेल्या होड्या पाहिल्या असतील : वजन खालच्या ओंडक्यांवर असते, बाजूचे टेकू कलंडू न देण्यापुरते. ट्रेलरवरही बाजूच्या गाद्यांवर भार टाकू नका.

आणि विंचचा पट्टा म्हणजे होडी बांधणे नव्हे. पिछाडीला दोन पट्टे वेगळे लावा, नाळेला साखळी घाला, आणि सैल केलेले सगळे बोल्ट पहिल्या पन्नासेक किलोमीटरनंतर थांबून पुन्हा आवळा.