स्टिकरवर बत्तीसशे

लग्नसराई तोंडावर आली की वाशीममधल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानांत फोटो स्टुडिओवाल्यांची ये-जा वाढते. एरवी इथे सेवा केंद्रांचे प्रिंटर येतात, शाळांचे जुने डेस्कटॉप येतात, पुण्याला शिकणाऱ्या पोरांचे लॅपटॉप सुट्टीत येतात. स्टुडिओवाल्याचं मशीन आलं की मात्र टेबलावरचं बाकीचं सगळं बाजूला सरकतं. हळद, वरात, ड्रोनचं चित्रीकरण असा सगळा ऐवज त्याच्या हार्ड डिस्कवर असतो आणि नवरीच्या घरून रोज फोन येत असतो.

पाटणी चौकाच्या आसपासच्या अशाच एका दुकानात बसून मी हे मशीन उघडताना पाहिलं. सहा कोअरचा रायझन ५ ३६००, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड आणि ८ जीबीच्या चार रॅम. दोन काळ्या, अंगावर ॲल्युमिनियमचं कवच असलेल्या, मशीनसोबतच घेतलेल्या. दोन उघड्या हिरव्या, साध्या; नंतर घातलेल्या. चारही रॅमच्या स्टिकरवर ३२०० हा एकच आकडा.

मालकाची तक्रार एका वाक्यात होती. "पयले असं नव्हतं रे बावा, आता क्लिप ओढली की अटकून राह्यलं." मग जाता जाता तो म्हणाला की तारीखही रोज मागे जाते, पण त्याचं काही नाही, ती आपण हातानं बदलतो.

कारागीर पंचविशीचा असेल. क्लिप अटकते यावर त्याने मानही वर केली नाही. तारखेचं ऐकल्यावर स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "सकाळी चालू करताना काळ्या पडद्यावर इंग्रजी काही येते का, भाऊ?" येते ना. एफ-टू दाबा म्हणते. "अन् तुम्ही दाबता." दाबतो, मग चालू होते.

इथेच निम्मं निदान झालं होतं. मदरबोर्डवर सीआर२०३२ नावाचा नाण्याएवढा ३ व्होल्टचा सेल असतो. मशीनची वीज पूर्ण तुटल्यावर घड्याळ चालू ठेवणं आणि बायोसच्या सेटिंग्ज धरून ठेवणं हे त्याचं काम. भिंतीवरचं बटण कायम चालू राहत असेल तर मेलेला सेलही वर्षभर लपून राहतो. आपल्याकडे रात्री बटण बंद करायची सवय, शिवाय लाईट जाते ती वेगळीच. सेल संपला की बायोस प्रत्येक वेळी पाटी कोरी करून उठतं आणि विचारतं, मूळ सेटिंग टाकू का? त्याचं होकारार्थी बटण म्हणजे ते एफ-टू. मालक रोज सकाळी इमानेइतबारे आपल्याच मशीनचा वेग उतरवत होता.

कारागिराने टास्क मॅनेजर उघडून मेमरीचा वेग दाखवला: २१३३.

मालक उखडला. पैसे बत्तीसशेचे मोजले होते. त्यात कारागिराने दुसऱ्या एका प्रोग्रॅममध्ये तोच वेग दाखवला, तर तिथे १०६६! हा दुसरा धक्का दुकानदारांना नेहमी महागात पडतो. 'अर्धीच रॅम दिली' म्हणून भांडणं झालेली आहेत. खरं तर दोन्ही आकडे बरोबर असतात. डीडीआर मेमरी घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा माहिती पाठवते. ठोके मोजले तर १०६६, पाठवण्या मोजल्या तर २१३३. विंडोज वर्षानुवर्षं पाठवण्यांच्या आकड्यापुढे मेगाहर्ट्झ लिहीत आलं. अलीकडे कुठे ते सुधारून एमटी/एस झालंय.

पण २१३३ च का? स्टिकरवरचा आकडा आणि रॅम मुळात ज्या वेगाने उठते तो आकडा, हे दोन वेगळे असू शकतात. प्रत्येक रॅमवर एक बारीकशी चिप असते. तिच्यात त्या रॅमची कुंडली लिहिलेली असते: कोणत्या वेगाला किती वेळ थांबायचं, किती व्होल्ट लागतात. त्यातली पहिली पानं जेडेक या मानक ठरवणाऱ्या संस्थेच्या नियमांप्रमाणे लिहिलेली. बोर्ड सुरुवातीला तीच वाचतो. त्यापुढे कंपनीने स्वतःच्या हिमतीवर लिहिलेलं जादा पान, ते एक्सएमपी. इंटेलने २००७ मध्ये ही पद्धत आणली. एएमडीने २०२२ मध्ये डीडीआर५ साठी एक्सपो नावाची स्वतःची आणली. हे पान बायोसमध्ये जाऊन आपण चालू करायचं असतं. केलं नाही तर ते नुसतंच लिहिलेलं राहतं.

गंमत अशी की काळ्या, कवचवाल्या, महागड्या रॅमच्या पहिल्या पानावर २१३३ होतं. ३२०० तिच्या एक्सएमपीत. हिरव्या स्वस्त रॅमचं ३२०० मात्र पहिल्याच पानावर, जेडेकच्या नियमात बसणारं. चौघींना एकत्र बसवलं की बोर्ड सगळ्यांना झेपेल तो वेग धरतो. म्हणजे सेटिंग पुसल्या गेल्या की कवचवालीच साधीला मागे ओढते. त्यात रायझनचं आणखी एक आहे: प्रोसेसरच्या आतल्या भागांना जोडणारी वाट मेमरीच्या ठोक्यांशी बांधलेली असते, त्यामुळे रॅम मंदावली की तीही मंदावते.

जुना सेल मल्टिमीटरवर अडीच व्होल्टही दाखवेना. नवा बसवला, तारीख लावली, एक्सएमपी चालू केलं, सेव्ह केलं. मशीन बंद होऊन पुन्हा उठलं, पंखे फिरले, पण डिस्प्ले आला नाही. मालकाचा हात लगेच पॉवरच्या बटणाकडे गेला आणि कारागिराने तो अडवला. "थांबा भाऊ, ट्रेनिंग घेऊन राह्यलं." वेग बदलला की बोर्ड प्रत्येक रॅमला सिग्नल पाठवून नेमक्या कोणत्या क्षणी वाचायचं ते जुळवून पाहतो. तोवर पडदा काळाच राहतो. डीडीआर५ च्या नव्या मशीनवर पहिल्यांदा हे काही मिनिटंही चालतं. एवढा वेळ काळ्या पडद्याकडे बघत हात आवरणं भल्याभल्यांना जमत नाही. मधेच बंद केलं की सगळं पहिल्यापासून.

या वेळी मात्र थांबून उपयोग झाला नाही. बोर्डाच्या कडेला चार बारीक दिवे असतात, त्यांतला 'डीरॅम' लिहिलेला पेटून राहिला. कारागिराने वीज काढली, 'क्लिअर सीमॉस'च्या दोन पिनांवर स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं आणि बोर्डाला पुन्हा मूळ पदावर आणलं.

अशा वेळी बहुतेक दुकानांत खोडरबर बाहेर येतो. रॅमच्या सोनेरी पट्ट्या घासायच्या, फुंकर मारायची, परत बसवायची. पट्ट्यांवर मळ बसला असेल तर याने खरंच काम होतं, म्हणून ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या टिकली आहे. पण सोन्याचा थर अगदी पातळ असतो आणि खोडरबर तो खरवडतो; आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेलं कापड बरं. या कारागिराने दोन्हींना हात लावला नाही. चारही रॅम २१३३ वर व्यवस्थित दिसत होत्या, म्हणजे तक्रार मळाची नव्हती.

मग त्याने हिरव्या दोन काढल्या. काळ्या दोन प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवल्या. दोनच रॅम असतील तर याच जागा. अशा बोर्डांवर सिग्नलची वाट तिथे संपते. पुढे रिकामी खाच लोंबकळत राहिली तर सिग्नल तिच्या टोकावर आपटून परत फिरतो. एक्सएमपी चालू: ३२००, विनातक्रार. मग काळ्या काढून हिरव्या: त्याही ३२००. दोन्ही जोड्या निर्दोष, एकत्र आल्या की भांडण.

भांडणाचं कारण स्टिकरवरच्या त्या एका आकड्यामागे होतं. काळ्या रॅमच्या एक्सएमपीत ३२०० सोबत 'सीएल १६' आणि १.३५ व्होल्ट लिहिलेलं. हिरव्यांच्या पानावर 'सीएल २२' आणि १.२ व्होल्ट. सीएल म्हणजे मागणी केल्यावर माहिती यायला किती ठोके थांबायचं ते. ३२०० ला सेकंदाला १६० कोटी ठोके पडतात. १६ ठोके म्हणजे १० नॅनोसेकंद, २२ म्हणजे पावणेचौदा. बोर्डाने काळीचं पान वाचलं आणि तेच चौघींना लावलं. हिरवीला पावणेचौदा लागतात, तिच्याकडून दहात उत्तर मागितलं. वेगाचा आकडा सारखा असूनही ती गप्प बसली, यात तिची काय चूक?

तेव्हा त्याने एक्सएमपी बाजूला ठेवून हाताने आकडे भरले. ३२००, सीएल २२, पुढचे आकडेही सैल. मशीन उठलं, विंडोज आलं, बत्तीसशे दिसलं. मालक पैसे काढू लागला. कारागीर म्हणाला, "आता कुठं सुरुवात झाली," आणि पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ चालू केलं. त्याआधी कॅबिनेटची बाजूची पट्टी स्क्रू लावून घट्ट बसवली. उघड्या मशीनवर पंख्याखाली घेतलेली चाचणी मला पहिल्यापासून फसवी वाटते, आणि इथे ती तशी घेतली गेली नाही याचं बरं वाटलं. स्टुडिओत ते मशीन टेबलाखाली, भिंतीला टेकून चालणार. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशीच्या वर असतो.

उष्णतेचा आणि मेमरीचा संबंध मुळातला आहे. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ मध्ये ज्या डीरॅमचं पेटंट मिळालं, तिच्यात एक बिट म्हणजे एका सूक्ष्म कपॅसिटरमधला भार. तो माठासारखा पाझरत असतो, म्हणून डीडीआर४ मध्ये दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक घर पुन्हा भरून घ्यावं लागतं. चिप जितकी तापेल तितकं पाझरणं वाढतं; ८५ अंशांच्या वर गेली तर हीच मुदत मानकाप्रमाणे निम्मी होते. थंड सकाळी पास झालेली सेटिंग दुपारी नापास होते ती यामुळे.

३२ जीबीची एक फेरी काही तास खाते. ती पुरी व्हायच्या आतच लाल ओळी आल्या. फार नाहीत, थोड्याच. एवढ्या चुका विंडोज चालू व्हायला आड येत नाहीत. त्या रात्री दोनला एक्सपोर्टच्या मधात निळा पडदा आणतात किंवा कुठल्यातरी फाइलमध्ये एक बिट गुपचूप उलटवून ठेवतात.

उत्तर एएमडीच्या तक्त्यात होतं. या पिढीच्या रायझनला ३२०० चालतं, पण दोन रॅमना. चारही खाचा भरल्या की एकेरी रँकच्या रॅमना २९३३ आणि दुहेरी रँकच्यांना २६६७ एवढीच एएमडीची हमी. रँक म्हणजे एका वेळी एकत्र बोलणाऱ्या चिपांचा गट. चौघींचा भार प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरवर पडतो. दोन जोड्या वेगळ्या कंपन्यांच्या असतील तर जोखीम आपली. त्याने २९३३ लावलं, सीएल २२ तसंच ठेवलं, पट्टी लावलेलीच होती. मेमटेस्ट रात्रभर फिरलं. सकाळी एकही लाल ओळ नव्हती.

"चारही सारख्या घ्या" असा सल्ला देणं सोपं आहे. पण २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव जगभर भडकले, कारखान्यांचं उत्पादन एआयच्या डेटा सेंटरांकडे वळलं, आणि आहे त्या चार रॅममध्ये संसार करणं हे वाशीमलाच नाही, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडलाही शहाणपणाचं झालं. हिशेबही तसा वाईट नाही. २१३३ वर दोन चॅनेल मिळून सेकंदाला सुमारे ३४ जीबी माहिती जाते, २९३३ वर ४७, ३२०० वर ५१. गेलेल्यातलं बरंचसं परत आलं होतं. व्हिडिओच्या कामात रॅम भरून डिस्कवर ओसंडू लागली की जे हाल होतात, त्यापुढे उरलेले चार जीबी किरकोळ. मला विचाराल तर ३२ जीबी २९३३ वर, हे १६ जीबी ३२०० पेक्षा या माणसासाठी सरसच.

मालकाला हे पटायला वेळ लागला. टास्क मॅनेजरमधलं २९३३ पाहून त्याने पुन्हा विचारलं, "मंग बत्तीसशे कधी होईन?"

"आत्ता करून देतो," कारागीर म्हणाला. "कोणत्या दोन काढू?"

मालकाने जरा विचार केला आणि सेलचे पैसे किती झाले ते विचारलं.