टेकडीपलीकडचे पाहणारी विमाने

नांदूरघाट हे केज तालुक्यातले गाव बालाघाटाच्या डोंगराळ मुलखातले. या मुलखात वाढलेल्या माणसाला एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. खोलगट जागी उभे राहिले तर शेजारचे गावही दिसत नाही, आणि टेकाडावर चढले की चार गावची शिवारे एकदम नजरेत येतात. पीक राखणारा म्हणूनच उंच माळा बांधतो आणि त्यावर चढून गोफण फिरवतो. पाखरे कुठे उतरली हे दिसले नाही, तर गोफणीत कितीही जोर असला तरी धोंडा वायाच जाणार.

तोफखान्याची जुनी अडचण नेमकी हीच होती. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि हिंदी सैन्याकडे असलेली २५ पौंडी तोफ सुमारे १२ किलोमीटरपर्यंत गोळा टाकी. तोफ टेकडीआड लपवलेली, शत्रू पलीकडच्या टेकडीआड. गोळा डागणाऱ्याला लक्ष्य दिसतच नसे. कुणीतरी पुढे, उंचावर बसून गोळा कुठे पडला ते पाहायचे आणि ‘उजवीकडे’, ‘आणखी पुढे’ असे कळवायचे, अशी ती पद्धत. उंच जागा शत्रूच्या ताब्यात असली, किंवा झाडीमुळे उंचावरूनही काही दिसत नसले, की तोफखाना आंधळा होई. या आंधळेपणावर शोधलेला उपाय म्हणजे ब्रिटिश लष्कराची हलकी विमाने. त्यांच्या कथेतला एक महत्त्वाचा मुक्काम आपल्या नाशिक जिल्ह्यात, देवळालीला आहे.

पहिल्या महायुद्धात हे काम दोरीला बांधलेल्या फुग्यांतून आणि विमानांतून होत असे. पुढे ते ब्रिटिश हवाई दलाकडे राहिले. त्यासाठी वापरले जाणारे लायसँडर विमान वजनदार होते, आणि १९४० साली फ्रान्समध्ये जर्मन लढाऊ विमानांपुढे त्याचा टिकाव लागला नाही. त्याआधीपासून चार्ल्स बेझली नावाचा तोफखान्यातला अधिकारी एक वेगळाच आग्रह धरून होता. वैमानिकाला तोफखाना शिकवत बसण्यापेक्षा तोफखान्याच्या अधिकाऱ्याला विमान चालवायला शिकवणे सोपे, आणि त्याच्या हाती द्यायचे विमान अगदी साधे, स्वस्त, शेतातून उडणारे असावे, असे त्याचे म्हणणे. फेब्रुवारी १९४० मध्ये इंग्लंडमधील ओल्ड सॅरम येथे या कल्पनेच्या चाचणीसाठी एक छोटी तुकडी उभी राहिली. ऑगस्ट १९४१ मध्ये ६५१ क्रमांकाची पहिली ‘एअर ऑब्झर्व्हेशन पोस्ट’ स्क्वाड्रन स्थापन झाली. लष्करी बोलीत तिला ‘एअर ओपी’ म्हणत. या नावात विमान हा शब्दच नाही, आहे ती निरीक्षण चौकी. तोफखान्याच्या लेखी ही हवेत टांगलेली चौकीच होती.

या कामासाठी निवडलेले विमान म्हणजे ऑस्टर. मुळात अमेरिकन टेलरक्राफ्ट या हौशी लोकांच्या विमानाचा हा इंग्रजी अवतार, लेस्टरशायरमध्ये बांधलेला. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणलेले कापड आणि कापडावर ‘डोप’ नावाच्या द्रवाचे लेप. पंखांचा विस्तार ३६ फूट. युद्धकाळातल्या बहुतेक ऑस्टरांना सुमारे १३० अश्वशक्तीचे इंजिन होते. बंदूक नाही, चिलखत नाही. उडायला एखादे मोठे सपाट शेत पुरे. युद्धकाळात अशी दीड हजारांहून अधिक विमाने तयार झाली.

एवढ्या दुबळ्या विमानाचे संरक्षण कशात होते? त्याच्या संथपणात आणि खाली राहण्यात. वैमानिक सहसा आपल्याच फौजेच्या मागे, झाडांच्या शेंड्यांलगत उडत राही. गोळा डागला जाण्याच्या सुमारास तो काही शे फूट वर चढे, धूर कुठे उठला ते पाही, बिनतारी संचावर दुरुस्ती सांगे आणि पुन्हा खाली येई. शत्रूचे लढाऊ विमान मागे लागलेच, तर जमिनीलगत तीव्र वळणे घ्यायची. वेगाने येणाऱ्या विमानाला इतके आखूड वळण घेता येत नसे आणि ते पुढे निघून जाई. नकाशा, घड्याळ, बिनतारी संच आणि विमान हे सगळे त्या एका माणसाने सांभाळायचे. तोच आकाशातून तोफांच्या माऱ्याचे दिग्दर्शन करी. वैमानिक तोफखान्याचा आणि विमान व मेकॅनिक हवाई दलाचे, अशी ही दोन घरची व्यवस्था होती.

ही व्यवस्था हिंदुस्थानात आली ती १९४३ मध्ये. मेजर डेनिस कॉइल यांच्या हाताखालची ६५६ क्रमांकाची स्क्वाड्रन त्या वर्षी समुद्रमार्गे मुंबईला उतरली, जुहूच्या विमानतळावर जमली आणि तिथून देवळालीला गेली. देवळालीच का? हिंदी सैन्याचे तोफखाना विद्यालय युद्धकाळात काकूलहून तिथे आले होते. गोळाबारीच्या सरावासाठी मोकळे माळ होते, मुंबईचे बंदर आणि रेल्वे जवळ होती. शिवाय हवेचीही एक परीक्षा होती. देवळाली समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून अधिक उंचीवर आहे. उंचावरची आणि तापलेली हवा विरळ असते. पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर घटतो आणि उड्डाणाला जास्त जागा लागते. इंग्लंडच्या थंड, दाट हवेत बसलेला हात इथे नव्याने बसवावा लागे.

पुढचा मुक्काम ब्रह्मदेशाची आघाडी. युरोपात साधारण एका कोअरला एक अशी स्क्वाड्रन मिळे. जनरल स्लिम यांच्या संपूर्ण चौदाव्या सेनेला मात्र ही एकच. डझन-दीड डझन कापडी विमाने आराकानपासून इंफाळ-कोहिमापर्यंत विखुरली गेली आणि नंतर इरावती ओलांडून रंगूनच्या दिशेने सेनेबरोबर सरकत राहिली. कापणी झालेल्या भातखाचरांचे बांध फोडले की धावपट्टी तयार. जंगलात जपानी मोर्चे मातीत आणि लाकडाच्या ओंडक्यांखाली दडलेले. जमिनीवरच्या निरीक्षकाला वीस पावलांपलीकडचे दिसत नसे. तिथे ऑस्टर हेच तोफखान्याचे डोळे झाले.

यात आपल्या माणसांचा संबंध कुठे येतो, असे वाचकाला वाटेल. याच आघाडीवर मराठी जवान लढत होते. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पाचव्या रेजिमेंटची चौथी बटालियन मार्च १९४४ मध्ये मणिपुरातील सांगशाकच्या लढाईत होती. शत्रू शे-दोनशे यार्डांवर येऊन ठेपला असताना मागून आपल्याच तोफांचा मारा मागवणे म्हणजे काय, हे पायदळाच्या जवानाला नेमके ठाऊक असते. दुरुस्ती शंभर यार्ड चुकली तर गोळा आपल्याच खंदकात पडतो. वरून पाहणाऱ्याच्या नजरेवर खाली असणाऱ्याचा जीव टांगलेला असे.

तोफांच्या पलीकडेही या विमानांना कामे खूप होती. टपाल पोचवणे, सेनापतींना आघाडीवरून फिरवून आणणे, औषधे टाकणे, फोटो काढणे, क्वचित जखमी माणूस मागच्या जागेवर बसवून परत आणणे. युद्धानंतर ६५६ स्क्वाड्रन मलायात गेली आणि १९४८ नंतरच्या तिथल्या दीर्घ संघर्षात ऑस्टरच उडवत राहिली. १ सप्टेंबर १९५७ रोजी ब्रिटिश लष्कराला स्वतःचे ‘आर्मी एअर कोअर’ मिळाले आणि दोन घरचा संसार तिकडे एका घरात आला. पुढे ऑस्टरच्या जोडीला कॅनडात घडलेले बीव्हर आले. ४५० अश्वशक्तीचे हे दणकट विमान माणसे आणि सामान दोन्ही वाही, आणि १९८९ पर्यंत ते ब्रिटिश लष्करात टिकले.

इंग्रज सैनिकांनी या विमानांच्या आठवणी जपल्या. संघटना काढल्या, स्क्वाड्रनचे इतिहास लिहिले, जुनी ऑस्टर दुरुस्त करून उडती ठेवली. देवळाली मात्र त्यांच्या भाषेत भलत्याच अर्थाने उरली. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत त्या छावणीत कंटाळून वेडे होणाऱ्या शिपायांवरून ‘डुलॅली’ हा भ्रमिष्टपणाचा शब्द इंग्रजीत रुजला. ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ या बीबीसीच्या विनोदी मालिकेनेही देवळालीचेच नाव घेतले. ज्या गावाने त्यांच्या वैमानिकांना इथल्या हवेची ओळख करून दिली, ते गाव तिकडे चेष्टेचा विषय झाले. आणि आपल्याकडे? छावणीतले धोबी, खानसामे, भिस्ती, मजूर आणि माऱ्याच्या रानालगतची गावे यांनी काय पाहिले, ते मराठीत फारसे उतरलेच नाही.

विमाने मात्र इथे राहिली. ऑगस्ट १९४७ मध्ये फाळणीबरोबर ६५९ क्रमांकाच्या एअर ओपी स्क्वाड्रनची वाटणी झाली आणि भारताच्या वाट्याला आलेल्या भागातून पहिली भारतीय एअर ओपी फ्लाइट उभी राहिली. लगेचच काश्मीरच्या लढाईत तिला उतरावे लागले. ऑस्टरनंतर हिंदुस्थान एअरोनॉटिक्सचे ‘कृषक’ आले. त्याचे पहिले उड्डाण १९५९ मध्ये झाले, आणि १९७१ च्या युद्धातही कृषक आणि ऑस्टर दोन्ही कामावर होती. नंतर चेतक-चीता हेलिकॉप्टरांनी जागा घेतली. विमान कुणाचे, लष्कराचे की हवाई दलाचे, हा बेझलींच्या काळचा प्रश्न भारतात १ नोव्हेंबर १९८६ रोजी सुटला. त्या दिवशी भारतीय लष्कराची स्वतंत्र हवाई शाखा स्थापन झाली. तिच्या वैमानिकांचे प्रशिक्षण केंद्र २००३ मध्ये उभे राहिले, तेही नाशिक रोडला, देवळालीच्या शेजारीच. मे २०२२ मध्ये कॅप्टन अभिलाषा बराक या लष्कराच्या पहिल्या महिला कॉम्बॅट एव्हिएटर तिथूनच बाहेर पडल्या.

आता पुन्हा नांदूरघाटाकडे. १९४४ मध्ये बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. निजामाने ब्रिटिश हवाई दलाला विमानांसाठी दिलेल्या देणगीमुळे १५२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला ‘हैदराबाद’ हे नाव मिळाले होते, आणि तिची स्पिटफायर विमाने याच ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढत होती. संस्थानाच्या तिजोरीत आमच्या जिरायती रानांचा शेतसाराही होता, पण त्या विमानांच्या गाथेत नाव राहिले निजामाचे. ऑस्टरला असा कुणी दाता नव्हता. ते वरून पाही, खालच्याला सावध करी आणि भातखाचरात उतरून उभे राही.

मराठवाड्यातल्या ज्या घरांतून कुणी तोफखान्यात किंवा पायदळात गेले, त्या घरांत अजून एखादी पत्र्याची पेटी असेल. तिच्यात पेन्शनचे कागद असतील, एखादे पदक असेल. आजोबांनी सांगितलेली एखादी गोष्टही त्या घरात कुणाला आठवत असेल. झाडांच्या शेंड्यांवरून घरघरत जाणाऱ्या कापडी विमानाचा उल्लेख त्या गोष्टीत असेल, तर तो आता लिहून ठेवला पाहिजे. गोळा कुठे पडला हे विमानातून दिसत होते. तो पडला तेव्हा खंदकात काय वाटले, हे त्या घरांनाच सांगता येईल.