‘नाव आले नाही’ : संघातून वगळलेल्या किशोर खेळाडूशी होणाऱ्या संभाषणाविषयी

शालेय व जिल्हास्तरीय स्पर्धांचा हंगाम आला की गावोगाव निवड चाचण्या होतात, आणि प्रत्येक चाचणीनंतर निवडलेल्यांपेक्षा वगळलेल्यांची संख्या कितीतरी मोठी असते. कबड्डीच्या संघात मैदानावर सात आणि राखीव धरून बारा खेळाडू. ह्या बारा जागांसाठी साठ मुले आली असतील, तर अठ्ठेचाळीस मुलांना त्या संध्याकाळी तशीच घरची वाट धरावी लागते. निवडलेल्या बारांना कसे शिकवावे, ह्याविषयी विपुल लेखन उपलब्ध आहे. उरलेल्या अठ्ठेचाळीसांशी काय बोलावे, हा प्रश्न मात्र बहुधा ज्याच्या त्याच्या आईबापांवर सोपविलेला असतो. क्रीडामानसशास्त्राने गेल्या काही दशकांत त्याकडे लक्ष दिले आहे. प्रस्तुत लेखकाचा विषय भाषाशास्त्र असल्यामुळे मनाच्या व्यापारांविषयी अधिकारवाणीने बोलणे त्यास शोभणार नाही. परंतु धीर देणे ही बऱ्याच अंशी भाषिक कृती आहे, आणि तिची साधने, म्हणजे शब्द, प्रयोग व सर्वनामे, ही आपल्या परिचयाची आहेत. तेवढ्यापुरताच हा विचार आहे.

प्रथम मुले स्वतः काय म्हणतात ते पाहावे. चाचणीहून परतलेला मुलगा ‘मला वगळले’ असे सहसा म्हणत नाही. तो म्हणतो, ‘माझं नाव आलं नाही.’ ह्या वाक्यात कर्ता आहे ‘नाव’. ते यावयाचे होते, आले नाही. निवडणारा कोठेच दिसत नाही, आणि न निवडला गेलेलाही केवळ षष्ठीच्या आडोशाला उभा आहे. ‘नाव गळलं’ ह्या वाक्याचेही असेच आहे. मराठीत गळणे-गाळणे, पडणे-पाडणे, तुटणे-तोडणे अशा धातूंच्या जोड्या आहेत. त्यांतील पहिले रूप घटना आपोआप घडल्यासारखी सांगते, तर दुसरे कोणीतरी ती घडवून आणली असे सांगते. ‘गळले’ म्हटले की फळ देठातून सुटावे तसे वाटते. ‘गाळले’ म्हटले की लगेच ‘कोणी?’ असा प्रश्न उभा राहतो. मूल पहिल्या संध्याकाळी अकर्मक रूपाचा आश्रय घेते, ह्यात लबाडी नाही. जखमेवर धरलेला तो हात आहे, आणि वडीलधाऱ्यांनी तो ओढून काढण्याची घाई करू नये.

ह्याच्या उलट भोवतालच्या जगाचा शब्दसंग्रह पाहा : ‘डच्चू मिळाला’, ‘पत्ता कट झाला’, ‘नारळ दिला’, ‘बाहेरचा रस्ता दाखवला’. वर्तमानपत्रांच्या क्रीडापृष्ठांवर हे प्रयोग अनुभवी, मिळवत्या खेळाडूंविषयी येतात आणि खपूनही जातात. निरोपाचा नारळ हा मूळचा सन्मानाचा. उपरोधाने त्याची हकालपट्टी झाली. चौदा वर्षांच्या मुलाच्या कानावर हेच शब्द घरात, काकांच्या किंवा शेजाऱ्यांच्या तोंडून थट्टेने पडतात, तेव्हा त्यांतील उपरोध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. हकालपट्टी तेवढी पोहोचते.

ह्या दुःखाला ‘एवढं काय त्यात, खेळच तर आहे’ असे म्हणून लहान करण्याचा प्रघात आहे. महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांच्या बाबतीत हे विधान वस्तुस्थितीलाही धरून नसते. राज्य वा राष्ट्रीय स्तरावर खेळलेल्या विद्यार्थ्याला दहावी-बारावीच्या परीक्षेत सवलतीचे गुण मिळू शकतात. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. रेल्वे आणि पोलीस ह्यांचे संघ ही तर ग्रामीण कबड्डीपटूची कित्येक वर्षांची स्वप्नभूमी. जिल्ह्याच्या यादीत नाव न येणे म्हणजे त्या शिडीची खालची पायरीच निसटणे होय. मुलाला हे ठाऊक असते, बापाला त्याहून अधिक ठाऊक असते, आणि दोघेही ते बोलत नाहीत. ‘खेळच तर आहे’ ह्या वाक्याने ते न बोललेले अधिकच दडपले जाते.

आता ‘कबड्डीपटू’ ह्या शब्दाकडे वळू. संस्कृत ‘पटु’ म्हणजे कुशल. मराठीने त्याला जवळजवळ प्रत्ययासारखे वापरून खेळाडूंची एक जातच निर्माण केली आहे : कबड्डीपटू, खो-खोपटू, क्रिकेटपटू. ‘मी कबड्डी खेळतो’ आणि ‘मी कबड्डीपटू आहे’ ह्या दोन वाक्यांत व्याकरणाचा फरक आहे तसाच जीवनाचाही आहे. पहिले वाक्य कृती सांगते. दुसरे अस्तित्व सांगते. अमेरिकेतील ब्रिट्टन ब्रूअर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली ह्या दुसऱ्या प्रकारच्या भावनेचे, म्हणजे ‘मी खेळाडू आहे’ ह्या जाणिवेचे, मापन करणारी एक प्रश्नावली तयार केली, आणि पुढील संशोधनात ती फार वापरली गेली. ही जाणीव प्रबळ असल्यास सरावाला बळ मिळते. परंतु माणसाची सगळी ओळख त्या एकाच नामावर उभी असेल, तर संघ गेला की ओळखही जाते. २००४ साली ग्रोव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, निवड न झालेल्या किशोरांमध्ये ही जाणीव निवडीनंतर ओसरल्याचे दिसून आले; स्वतःच्या रक्षणार्थ मन तेथून अंग काढून घेते, असा त्याचा अर्थ लावण्यात आला. ‘मला नाहीतरी कबड्डी आवडायचीच नाही’ असे मुलगा म्हणू लागला, तर ते ह्याच प्रकारचे असू शकते. त्यावर ‘खोटं बोलू नकोस’ असे उत्तर देण्याचे कारण नाही. दोन आठवड्यांनी तो मैदानाच्या कडेला उभा दिसेल किंवा दिसणार नाही, तेव्हा विचारावे. विचारताना नामापेक्षा क्रियापद बरे : ‘खेळणार का रे संध्याकाळी?’ संघ गेला तरी क्रियापद शिल्लक असते.

धीर देताना योजली जाणारी काही वाक्ये इतकी रूढ आहेत की ती उच्चारताना कोणी ऐकतही नाही. ‘होतं ते बऱ्यासाठीच’ हे वाक्य पन्नाशीतल्या माणसाला आधार देते, कारण मागे वळून पाहण्याजोगे आयुष्य त्याच्यापाशी असते. चौदाव्या वर्षी ते नसते. ‘पुढच्या वर्षी नक्की’ ह्यातील ‘नक्की’ हा शब्द कोणाच्याही हातचा नाही. ‘सगळा वशिल्याचा कारभार’ हे वाक्य कधी खरेही असते. परंतु पुरावा नसता ते मुलाच्या हाती देणे म्हणजे त्याला सुधारणेचा एकही मार्ग न ठेवणे होय, आणि खरोखर पक्षपात झाला असेल तर त्याची तक्रार मोठ्यांनी मोठ्यांकडे करावयाची आहे. सर्वांत फसवे ते ‘पण’ : ‘तू छानच खेळलास, पण...’ मराठी ऐकणाऱ्याचे मन ‘पण’ ऐकताच त्याच्या आधीचे सारे पुसून टाकते. दोन गोष्टी सांगावयाच्या असतील तर दोन स्वतंत्र वाक्यांत, मध्ये थोडे थांबून सांगाव्यात. ‘अजून’ ह्या शब्दाचे अलीकडे बरेच माहात्म्य सांगितले जाते : ‘जमलं नाही’ न म्हणता ‘अजून जमलं नाही’ म्हणावे. सूचना चांगली आहे. मात्र ‘अजून’च्या मागोमाग काय करावयाचे ते आले नाही, तर हा शब्दही ‘नक्की’चाच धाकटा भाऊ ठरतो.

सांत्वनाचा एक उत्तम नमुना आपल्याकडे उपलब्ध आहे. १९८७ साली चौदा वर्षांच्या सचिन तेंडुलकर ह्यास मुंबई क्रिकेट संघटनेचा सर्वोत्कृष्ट कनिष्ठ क्रिकेटपटूचा पुरस्कार मिळाला नाही. त्याच वर्षी कसोटी क्रिकेट सोडलेल्या सुनील गावसकरांनी त्याला एक छोटे पत्र पाठविले. पुरस्कार न मिळाल्याने निराश होऊ नकोस. आजवरच्या विजेत्यांच्या यादीतही एक नाव सापडणार नाही, आणि त्या माणसाचे कसोटी क्रिकेटमध्ये काही फार वाईट झालेले नाही, असा त्याचा आशय होता. पुरस्कार आणि संघ ह्यांत अंतर आहे हे खरे. तरी ह्या पत्राची बांधणी पाहण्यासारखी आहे. न मिळालेली गोष्ट त्यात थेट नाव घेऊन सांगितली आहे. निवडणाऱ्यांवर दोषारोप नाही. ‘तुलाही पुढे असेच यश मिळेल’ असे वचनही नाही. लिहिणारा स्वतःचे नाव न घेता मुलाच्या शेजारी, ‘नाव न आलेल्यांच्या’ यादीत, येऊन बसतो. खालची सही तेवढी ती यादी कोणाची, हे सांगते. ‘आले नाही’ ह्याच वाक्याला येथे वेगळी सोबत मिळाली आहे.

ह्याउलट मायकेल जॉर्डन ह्या अमेरिकी बास्केटबॉलपटूची कथा. शाळेच्या संघातून त्याला काढून टाकले आणि पुढे तो जगज्जेता झाला, अशी ती सर्वत्र सांगितली जाते. वस्तुतः १९७८ साली विल्मिंग्टन येथील लेनी शाळेत त्याला कनिष्ठ संघात ठेवण्यात आले आणि वरिष्ठ संघात त्याच्याच वर्गातील एका अधिक उंच मुलाला घेतले गेले. कनिष्ठ संघात तो भरपूर खेळला. ‘काढून टाकले’ ह्या एका क्रियापदाने त्या घटनेची दंतकथा केली. दंतकथेला माझी हरकत नाही. हरकत तिच्या उपयोगाला आहे. ‘जॉर्डनलाही काढलं होतं’ असे ऐकणारा मुलगा मनात गणित मांडतो की आपण जॉर्डन झालो तरच आजचे दुःख सार्थकी लागेल. अशी उदाहरणे नेहमी शेवट गोड झालेल्यांचीच असतात.

द्यावयाचेच असेल तर अमोल मुझुमदार ह्यांचे उदाहरण मला अधिक प्रामाणिक वाटते. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शिल्डच्या सामन्यात तेंडुलकर आणि कांबळी ह्यांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली, तेव्हा शारदाश्रमाचा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसून राहिलेले ते हेच. पुढे प्रथम श्रेणीच्या पदार्पणात २६० धावा, कारकिर्दीत ११,००० हून अधिक धावा, आणि भारतीय संघात एकदाही नाव आले नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईत भारतीय महिला संघाने विश्वचषक जिंकला, तेव्हा त्या संघाचे प्रशिक्षक मुझुमदार होते. परंतु हे घडले नसते तरी त्या ११,००० धावा होत्याच. पद्माकर शिवलकरांचे ५८९ बळी असेच आहेत. त्यांना कसोटी सामना कधीच मिळाला नाही. न भरून आलेल्या उणिवेसह आयुष्यभर खेळता येते, हे अशा नावांतून मुलाला कळू शकते.

सर्वनामांचा प्रश्न मला व्यक्तिशः सर्वांत रोचक वाटतो. कॅनडातील केसी नीली व त्यांच्या सहकाऱ्यांनी संघांतून वगळलेल्या मुली आणि त्यांचे पालक ह्यांच्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यास २०१७ च्या सुमारास प्रसिद्ध केला. मुलगी आणि पालक हे दुःख वेगवेगळे न सोसता एकत्र हाताळतात, ते ‘माझे’ न राहता ‘आपले’ होते, असे त्यांना आढळले. इंग्रजीला ह्यासाठी एकच सर्वनाम वापरावे लागते; मराठीजवळ ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत, आणि ऐकणाऱ्याला सामावून घेणारा ‘आपण’ येथे नेमका उपयोगी पडतो. ‘आपण उद्या सरांना भेटू’, ‘आपण बघू काय करायचं ते’. मात्र त्यात एक धोका आहे. ‘आपलं सिलेक्शन झालं नाही’ असे वडील शेजाऱ्याला सांगतात, तेव्हा मुलाचे अपयश त्यांनी स्वतःच्या नावावर करून घेतलेले असते, आणि आता मुलावर स्वतःच्या दुःखाबरोबर वडिलांच्या दुःखाचेही ओझे येते. स्थूल नियम असा सांगता येईल की पुढे करावयाच्या गोष्टींना ‘आपण’ शोभतो. घडून गेलेली गोष्ट मुलाची आहे, ती त्याच्याकडेच राहू द्यावी. पहिल्या संध्याकाळी तर ‘जेवायला काय करू?’ एवढेच वाक्य पुष्कळदा पुरेसे होते.

प्रशिक्षकाचे वाक्य निराळे असले पाहिजे. त्याने ‘नाव आले नाही’ म्हणू नये. त्याने ‘मी तुला घेतले नाही’ असे कर्त्यासह म्हणावे, कारण निर्णय त्याचा आहे. कारणही मुलाच्या स्वभावाचे न सांगता खेळाचे, आणि शक्य तेवढे मोजता येण्याजोगे सांगावे : ‘चढाईत तुझा दम पहिल्या सत्रानंतर संपतो’ हे वाक्य मुलाला काम देते, ‘तुझ्यात जिगर नाही’ हे वाक्य शिक्का मारते. शरीराच्या वाढीचा प्रश्न असेल तर तोही उघड बोलावा. रॉजर बार्न्सली ह्यांनी १९८५ साली कॅनडातील बर्फावरील हॉकीत दाखवून दिले की वयोगटाची गणना १ जानेवारीपासून होत असल्यामुळे वर्षारंभी जन्मलेली मुले वरच्या संघांत फार मोठ्या प्रमाणात दिसतात. आठ-दहा महिन्यांच्या वाढीचा फरक गुणवत्तेचा फरक म्हणून मोजला जातो. वर्षाअखेरीस जन्मलेल्या बारक्या चणीच्या मुलाला हे कोणी सांगितले, तर निदान तो स्वतःला मठ्ठ समजणार नाही.

बहुसंख्य मुले काही आठवड्यांत सावरतात. झोप, जेवण, शाळा ह्यांवर दीर्घकाळ परिणाम राहिला किंवा ‘माझा काही उपयोगच नाही’ ह्या अर्थाची वाक्ये वारंवार येऊ लागली, तर शब्दांचे काम संपले असे समजून तज्ज्ञाकडे जावे. शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठी आहे. ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ ह्यासारखे वाक्य एकदा जरी आले, तरी मुलाला एकटे न ठेवता त्याच दिवशी मदत घ्यावी.

निवड झालेल्या मित्रांचा विचार फारसा कोणी करीत नाही. काल एकत्र डबा खाणारे दोघे. आज एकाचे नाव यादीत आहे. ज्याचे आहे तो बहुधा गप्प होतो, कारण आनंद दाखवावा की दुःख, हे त्याला कळत नाही, आणि त्या गप्प बसण्याचा अर्थ दुसरा ‘आता मी ह्यांच्यातला नाही’ असा लावतो. शिक्षकाने निवड झालेल्या मुलाला बाजूला घेऊन ‘तू त्याच्याशी नेहमीसारखाच बोल, यादीचा विषय त्याला काढू दे’ एवढे सांगितले तरी पुष्कळ साधते. सध्या ह्यात एका नव्या गोष्टीची भर पडली आहे. चाचणीपूर्वी सर्व मुलांचा मिळून व्हॉट्सॲपवर एक गट असतो, आणि यादी ठरताच वगळलेल्यांना त्यातून एकेक करून काढले जाते. पडद्यावर ओळ उमटते : अमुकला काढून टाकले. पुष्कळ मुलांना निर्णय कळतो तो ह्याच ओळीतून, प्रशिक्षकाने तोंड उघडण्यापूर्वी. जुना गट तसाच ठेवून निवडलेल्यांसाठी दुसरा गट करावयास एखादे मिनिट लागते.