मद्य आणि वेदनाशामक गोळी

दिल्ली, गुरुग्राम, नोएडा या परिसरात थंडी आणि लग्नसराई बरोबरच येतात. रात्री मेजवानीत मद्य आणि सकाळी जड डोक्यासाठी एक गोळी, हा क्रम कित्येकांच्या अंगवळणी पडलेला असतो. गोळी चिठ्ठीशिवाय मिळते, म्हणून ती निरुपद्रवी, असा समज आहे. तो पूर्णतः खरा नाही.

पॅरासिटामॉलचा अल्प अंश यकृतात एका विषारी द्रव्यात रूपांतरित होतो आणि ग्लुटाथायोन हे द्रव्य त्याला निष्प्रभ करते. नित्य मद्यपानाने हे विष तयार करणारे विकर वाढते, तर मद्य व उपासमार यांमुळे ग्लुटाथायोन घटते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर उचल वाढते आणि शिल्लक आटते. निरोगी प्रौढाने क्वचित घेतलेला एखादा पेला व नेमकी मात्रा यांतून सहसा अपाय होत नाही. खरा धोका रोज पिणाऱ्यास आणि मात्रा ओलांडणाऱ्यास आहे. प्रौढांसाठी दिवसाची कमाल मर्यादा 4 ग्रॅम, म्हणजे 650 मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या. नित्य मद्यपींना डॉक्टर बहुधा 2 ग्रॅमवर थांबवतात. सर्दीच्या व अंगदुखीच्या अनेक संयुक्त गोळ्यांतही पॅरासिटामॉल दडलेले असते, हे मात्र वेष्टन वाचल्याशिवाय कळत नाही. 2011 मध्ये केंद्र शासनाने अशा संयुक्त गोळ्यांतील प्रमाण 325 मिलिग्रॅमपर्यंत मर्यादित करण्याचे ठरवले, ते यकृताच्या काळजीनेच.

अतिमात्रा झाल्यास पहिल्या दिवशी केवळ मळमळ जाणवते. यकृताची हानी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उघड होते. उतारा असलेले अ‍ॅसिटिलसिस्टीन पहिल्या आठ तासांत सर्वाधिक गुणकारी असते. त्यामुळे बरे वाटते म्हणून घरी थांबणे घातक.

अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांची गोष्ट वेगळी. ती जठराच्या अस्तराचे संरक्षण कमी करतात, मद्य त्याच अस्तराला दाह करते; परिणामी रक्तस्रावाची शक्यता वाढते. पावसाळ्यानंतर दिल्लीत डेंग्यू पसरतो, तेव्हा तापात या गोळ्या मुळीच घेऊ नयेत. ट्रॅमाडॉलसारख्या तीव्र वेदनाशामकाबरोबर मद्य घेतल्यास श्वसन मंदावून प्राणावर बेतू शकते.

विषबाधेची शंका आल्यास रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्र 1995 पासून चोवीस तास मार्गदर्शन करते. त्याचा निःशुल्क क्रमांक 1800 116 117. औषधाचा दुष्परिणाम कळवण्यासाठी गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाचा क्रमांक 1800 180 3024 आहे.