पिन निघाली, पण ब्रेक लागलेच नाहीत!

कॉलेजात असताना सर्किट म्हटलं की जर्नल आणि व्हायवा एवढंच डोळ्यांसमोर यायचं. एम.एस.साठी अमेरिकेत आल्यावर मात्र दोन वायरींच्या एका स्विचने मला चांगलाच धडा शिकवला.

इथे माझ्या मामाकडे गाडीमागे जोडायचा दोन अ‍ॅक्सलचा ट्रेलर आहे. "अरे इंजिनिअर, हा स्विच गंजलाय, बघ जरा," मामा म्हणाला. ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर डबीएवढा स्विच, त्यात एक पिन आणि पिनेला बारीक केबल. केबलचं दुसरं टोक गाडीला. धावताना ट्रेलर सुटलाच तर केबल ताणली जाऊन पिन निघते, कॉन्टॅक्ट जुळतात आणि ट्रेलरवरच्या 12 व्होल्टच्या बॅटरीतून ब्रेकच्या मॅग्नेटना करंट मिळतो. मॅग्नेट फिरत्या ड्रमला चिकटतो, त्या ओढीने लिव्हर हलतो आणि ब्रेक शू दाबले जातात.

ट्रेलर जॅकवर घेऊन मी पिन ओढली. चाक आपलं मजेत फिरतंय! मामाचा चेहरा उतरला. आदल्याच आठवड्यात तो हाच ट्रेलर हायवेने घेऊन आला होता.

आपल्या आगगाडीत डबे सुटले की ब्रेक पाइप तुटतो आणि ब्रेक आपोआप लागतात. इथे उलटं आहे. करंट नाही तर ब्रेक नाही. आणि बिघाड झालाय हे चालवताना कळतही नाही.

बॅटरीचं व्होल्टेज ठीक होतं. मग तिची वायर सोडवून मल्टिमीटर स्विचला लावला. पिन काढूनही सर्किट ओपनच. म्हणजे स्विचच गेलेला.

नवा बसवताना आधी गाडीचा 7 पिनांचा प्लग काढला. तो जोडलेला असताना पिन ओढली तर करंट उलटा जाऊन गाडीतला ब्रेक कंट्रोलर खराब होऊ शकतो. स्विचची एक वायर बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरी ब्रेकच्या वायरला (ती बहुधा निळी असते) जोडली. साधा दोन वायरींचा स्विच असल्याने अदलाबदल झाली तरी चालते. मॅग्नेटची परतीची वायर आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांचा अर्थ पक्का हवा. सगळे जोड क्रिम्प करून वर हीट श्रिंक चढवली, नाहीतर पाणी शिरून पुन्हा तेच रडगाणं!

आता थोडं गणित. एका मॅग्नेटला साधारण 3 अँपिअर, चारांना 12. म्हणून वायर 12 गेजची घेतली. अमेरिकेत व्यावसायिक वाहनांच्या नियमानुसार सुटलेल्या ट्रेलरचे ब्रेक किमान 15 मिनिटं लागून राहायला हवेत. म्हणजे 3 अँपिअर-अवर. बॅटरी 5 ची असली, तरी अर्धवट चार्ज असेल तर गणित कोसळलंच.

केबल गाडीच्या फ्रेमला बांधली. हिचला किंवा सेफ्टी चेनला बांधून चालत नाही, कारण हिचच तुटून निघालं तर केबलही त्याच्याबरोबर जाईल आणि पिन जागच्या जागी राहील!

पुन्हा पिन ओढली. या वेळी चाक जागीच अडकलं. मॅग्नेट तापू नये आणि बॅटरी उतरू नये म्हणून पिन लगेच परत बसवली.

आता ट्रेलर जोडण्याआधी मामा न चुकता प्लग काढून पिन ओढून बघतो. वर्षानुवर्षं नुसत्या बसून राहणाऱ्या स्विचची परीक्षा आपणच घ्यायची असते, हे मात्र मला कुठल्याच व्हायवात कोणी विचारलं नव्हतं!