वर्गातील पंक्तिप्रपंच

संस्थेच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. संस्थेच्या इतिहासावर लिहिणारे अधिकारी लेखक पुष्कळ आहेत. म्हणून आम्ही आमच्या सायंवर्गापुरतेच लिहावयाचे ठरविले. बडोद्यातील आपल्या या मोफत वर्गात आम्ही गेली कित्येक वर्षे पाचवी ते आठवीच्या मुलांस गणित शिकवीत आहो. तेथे वारंवार पडणारा प्रश्न असा की, हुशार आणि कच्ची मुले एकाच बाकावर बसली असता शिक्षकाने दोघांस सारखे वागवावे, म्हणजे नेमके काय करावे?

पंगतीचे उदाहरण घेऊ. पंक्तिप्रपंच हा आपल्याकडे मोठा दोष मानला आहे. ओळखीच्या पानावर तुपाची धार आणि शेवटच्या पानाशी पोचेतो तपेले रिकामे, हे कोणासही खपत नाही. परंतु सर्वांस मोजून दोन दोन पोळ्या वाढणे हाही न्याय नव्हे. लहान मुलास अर्धी पुरते, तालीमबाजास चार लागतात. चांगला वाढपी आग्रह सर्वांस सारखा करतो, आणि वाढतो मात्र ज्याच्या त्याच्या भुकेप्रमाणे. वर्गातही असाच आग्रह हवा, आणि शिक्षकाकडून चुकते ते नेमके येथेच.

आम्ही स्वतःस फार निःपक्षपाती समजत होतो. एकदा सहज, आपण प्रश्न कोणास विचारतो याची हजेरीपटावर खूण करीत गेलो. आठवड्याअखेर पाहतो तो बहुतेक खुणा सहा-सात नावांपुढेच! भिंतीकडच्या रांगेपुढे तर एकही खूण नव्हती. ही मुले त्रास देत नव्हती, म्हणून आमच्या लक्षातही येत नव्हती. शिक्षकास बरोबर उत्तर हवे असते, कारण उत्तर आले म्हणजे धडा पुढे सरकतो. त्या घाईत ज्याचा हात वर, त्याकडेच आपण वळतो.

या घाईचे मोजमाप झालेले आहे. मेरी बड रो या अमेरिकन विदुषीने १९७० च्या सुमारास विज्ञानाच्या वर्गांतील ध्वनिमुद्रणे तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात, असे तिला आढळले. हा अवकाश तीन सेकंदांपर्यंत वाढविला, तेव्हा मुलांची उत्तरे लांबली, आणि एरव्ही गप्प राहणारी मुलेही बोलू लागली. आम्ही हे करून पाहिले. तीन सेकंद म्हणजे काहीच नाहीत असे वाटते. पण फळ्यापुढे उभे राहून ते काढणे महाकठीण! आम्ही मनात एक, दोन, तीन मोजतो, तरी दोनावरच जीभ सुटते.

शिक्षकाच्या अपेक्षेचाही परिणाम होतो. १९६८ साली रोझेंथल आणि जेकबसन यांनी सॅन फ्रान्सिस्कोकडील एका प्राथमिक शाळेतील प्रयोग प्रसिद्ध केला. सुमारे वीस टक्के मुले केवळ चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडून, ही यंदा चमकतील असे शिक्षकांस सांगण्यात आले, आणि खालच्या वर्गांतील अशा मुलांची प्रगती खरोखर अधिक दिसली. या प्रयोगावर पुढे बरीच टीका झाली. परिणाम सांगितला गेला तितका मोठा नसावा, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. तथापि, ज्यास आपण 'ढ' ठरवितो त्यास सोपेच प्रश्न घालतो आणि त्याचे उत्तर अर्ध्यावर तोडतो, हे पाहण्यास प्रयोगशाळेची गरज नाही.

आमचाच एक अपराध सांगतो. सहावीतील एक उंच मुलगा, उंचीमुळे मागे बसणारा. फळ्यावरील गणित उतरविताना तो हटकून चुके. ३ चा ८ करी, अपूर्णांकाची रेघ गाळी. 'लक्ष कोठे असते तुझे?' असे आम्ही त्यास दोन वर्षे विचारीत आलो. पुढे संस्थेच्या नेत्रतपासणी शिबिरात कळले की त्यास दूरचे दिसतच नव्हते. चष्मा आला. परंतु चष्मा लागताच मुलगा हुशार झाला, असे गोष्टीत होते तसे काही झाले नाही. दोन वर्षांचे अपूर्णांक नव्याने शिकवावे लागले, आणि हात वर करण्यास तो अजूनही कचरतो. दृष्टिदोष दूर झाला. आमच्या बोलण्याने बसलेली धास्ती इतक्यात जाईल असे दिसत नाही.

दुसऱ्या टोकाचा अन्यायही आमच्या हातून घडला. एक मुलगी सर्वांआधी गणिते संपवी. आम्ही तिच्या हाती इतरांच्या वह्या तपासण्यास देत असू, आणि त्यास तिचा गौरव समजत असू. एके दिवशी तिचे वडील आले आणि नम्रपणे म्हणाले, 'सर, आमची मुलगी येथे शिकायला येते की शिकवायला?' आम्ही निरुत्तर झालो. हुशार मुलासही त्याच्या भुकेचे वाढले पाहिजे. आता एकाच प्रकरणातील तीन पायऱ्यांची गणिते फळ्यावर लिहितो. प्रत्येकाने आपल्या पायरीपासून आरंभ करावा, आणि पुढची एक तरी करून पाहावी, असा नियम आहे.

आपल्या मुलांची आणखी एक अडचण आहे. घरी मराठी, शाळेत गुजराती किंवा इंग्रजी. गुजराती लिहिताना हात शिरोरेखा ओढू लागतो, मग खोडाखोड होते. शाब्दिक उदाहरण मनातल्या मनात मराठीत करून मग सोडविणारे मूल मंद दिसते, पण ते दोन कामे करीत असते. त्यास उदाहरण एकदा मराठीत सांगून पाहावे. पुष्कळदा गणित येत असते, फक्त भाषा अडलेली असते.

ज्या राज्याने १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू करून १९०६ मध्ये ते सर्वत्र लागू केले, त्याच्या राजधानीत आपण राहतो. २००९ च्या कायद्याने तो हक्क देशभर मिळाला. शाळेचे दार त्याने उघडले. बाकावर बसल्यानंतरचे मात्र कायद्याच्या हाती नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला केले ते येथे आठवते. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच कुरणात नेली. हजेरी नाही म्हणून नावे कमी करणेही नियमास धरूनच झाले असते.

कार्यकारी मंडळाकडे आमचे एक मागणे आहे. दरवर्षी जूनमध्ये वर्ग सुरू होताच, चाचणी परीक्षेच्याही आधी, सर्व मुलांचे डोळे आणि कान तपासून घ्यावेत. सभासदांत डॉक्टर आहेत, आणि एका सकाळचे हे काम आहे. आणि भिंतीकडच्या शेवटच्या दोन बाकांवरचा दिवा गेल्या दिवाळीपासून बंद आहे, तोही त्याच वेळी बदलावा.